सोलापुरात राहून गार्नेट ओळखायला शिकताना : नवशिक्यांसाठी मार्गदर्शक

गार्नेट हे नाव लॅटिन भाषेतील डाळिंबाच्या नावावरून आले आहे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागातील डाळिंबाच्या बागा ज्याने पाहिल्या आहेत, त्या सोलापूरकराला डाळिंबाचा दाणा कसा दिसतो हे शिकवावे लागत नाही, आणि नेमकी इथेच पहिली गफलत होते. दाण्यासारखा लाल दिसला की तो गार्नेट, असे मनात पक्के बसते. मीही पहिल्या वर्षी भीमेच्या पात्रातून असे लाल खडे गोळा केले, शेंगाचटणीच्या रिकाम्या बरणीत भरले, बरणीवर मोठ्या अक्षरांत ‘गार्नेट’ लिहिले आणि ती भूशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचितांसमोर नेऊन ठेवली. त्यांनी चार-पाच खडे तळहातावर नुसते वर-खाली केले आणि सांगितले की, यात गार्नेट एकही नाही. खडे डोळ्यांनी पाहण्याआधी त्यांनी हाताने जोखले होते, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. तो काळ तुमचा वाचावा म्हणून पुढील पायऱ्या मी ज्या क्रमाने शिकायला हव्या होत्या, त्या क्रमाने लिहिल्या आहेत.

१. आधी पायाखालचा खडक ओळखा

सोलापूर जिल्हा जवळजवळ संपूर्णपणे दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठावर वाहत आलेल्या लाव्हाच्या थरांवर थर साचून हा काळा कातळ तयार झाला. गार्नेट तयार होण्यासाठी सामान्यतः खडक खोलवर गाडला जाऊन त्यावर मोठा दाब आणि उष्णता यांचा दीर्घकाळ परिणाम व्हावा लागतो, किंवा तप्त शिलारस चुनखडीत घुसून दोघांमध्ये रासायनिक देवघेव व्हावी लागते. उघड्यावर येऊन झपाट्याने थिजलेल्या आपल्या लाव्हाच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. त्यामुळे विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत निघालेल्या काळ्या दगडात गार्नेट शोधत बसू नये.

मग भीमेच्या आणि सीनेच्या पात्रातले लाल खडे कोणते? बेसॉल्टमधील वायूच्या पोकळ्यांत नंतर सिलिका भरून अकीक, जास्पर आणि क्वार्ट्झ तयार होतात, तसेच झिओलाइट आणि कॅल्साइटही सापडतात. कातळ झिजला की त्यातले कठीण अकीक आणि जास्पर मागे उरतात आणि नदी त्यांना गुळगुळीत करते. ते सुंदर असतात, जरूर गोळा करा, परंतु त्यांच्या बरणीवर त्यांचेच नाव लिहा.

२. साहित्य जमवा

पुढील वस्तू पुरेशा आहेत. यातील बहुतेक घरात, जुन्या सामानात किंवा सराफाच्या साहित्याच्या दुकानात मिळतात.

- दहापट मोठे दाखवणारे भिंग
- ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा
- निओडिमियम चुंबक (बंद पडलेल्या संगणकाच्या हार्ड डिस्कमधला चालतो)
- पोलरॉइड काचांचा गॉगल आणि लॅपटॉप
- लहान टॉर्च आणि अतिनील प्रकाशाची टॉर्च
- भिंतीच्या टाइलचा तुकडा. त्याची पाठीमागची, चकाकी नसलेली बाजू कामाची
- काचेचा तुकडा, शिवणाचा दोरा, प्लास्टिकचा छोटा पेला, थर्मोकोल
- वही, चिकटपट्टीची लेबले आणि खडक फोडताना डोळ्यांवर लावायचा संरक्षक चष्मा

चष्म्याबाबत चालढकल करू नका. सुताराचा हातोडाही खडकावर वापरू नका, कारण त्याच्या पोलादाची कपची उडू शकते.

३. पहिला गार्नेट ग्रॅनाइटच्या दुकानात पाहा

पहिला खात्रीचा गार्नेट मी डोंगरात पाहिलेला नाही. तो स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट निवडताना पाहिला. दगडाच्या व्यापारात ‘ग्रॅनाइट’ हा शब्द फार ढिला आहे आणि संगमरवराहून कठीण असलेला, पॉलिश होणारा जवळजवळ प्रत्येक दगड त्या नावाने विकला जातो. ‘काश्मीर व्हाइट’ या नावाच्या लाद्यांचा काश्मीरशी काही संबंध नाही. तो दगड तमिळनाडूतील मदुराई परिसरातून येतो आणि त्याच्या पांढुरक्या अंगावर जे लालसर-किरमिजी ठिपके विखुरलेले असतात, ते गार्नेट होत. खोल भूकवचात प्रचंड तापमानाला भाजून निघालेल्या खडकाचा तो कापलेला तुकडा असतो.

दुकानदाराला सांगून सिंकसाठी कापलेला मधला तुकडा किंवा कडेची पट्टी मागून घ्या. अशा तुकड्यांचा ढीग दुकानामागे पडलेला असतो आणि बहुतेक वेळा पैसेही घेत नाहीत. तुकडा घरी आणून ओला करा आणि भिंगाखाली धरा. पॉलिश केलेल्या बाजूवर गार्नेटचे ठिपके गोलसर दिसतील, त्यांच्यात वेड्यावाकड्या भेगा दिसतील आणि काही दाण्यांभोवती गंजासारखी पिवळी-तपकिरी कडा दिसेल, कारण त्यातले लोह हवा-पाण्याने गंजते.

इथे एक सापळा आहे. लाल आणि गुलाबी रंगाच्या कितीतरी ग्रॅनाइटांत तो रंग फेल्डस्पार या ग्रॅनाइटमधल्या एका मुख्य खनिजाचा असतो. फरक पाहण्यासाठी पॉलिश केलेली बाजू सोडून फुटलेली कड उन्हात फिरवा. फेल्डस्पार सपाट पातळ्यांवर फुटतो, म्हणून एका विशिष्ट कोनात त्याचा पृष्ठभाग आरशासारखा एकदम लखलखतो. गार्नेटला अशी पाटनाची पातळी नसते. तो शंखाच्या आतल्या बाजूसारखा वक्र किंवा खडबडीत फुटतो आणि त्याची चकाकी कुठल्याही कोनात काचेसारखी किंवा किंचित राळेसारखी राहते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की तो विसरला जात नाही.

४. आकार मोजा, मग कठीणपणा तपासा

गार्नेट घनीय प्रणालीत स्फटिकरूप होतो, परंतु त्याचे स्फटिक ठोकळ्यासारखे क्वचितच असतात. बहुधा त्यांना समभुज चौकोनाच्या आकाराचे १२ पृष्ठ असतात, किंवा चौकोनी पतंगासारखे २४, किंवा दोन्हींचे मिश्रण. खडकात रुतलेल्या स्फटिकाची अर्धी बाजूच दिसते, म्हणून सगळे पृष्ठ मोजता येत नाहीत. अशा वेळी एकच पृष्ठ निवडून त्याला चार कडा आहेत का, हे पाहावे.

खडकातून सुटा झालेला आणि उन्हापावसात पडून राहिलेला गार्नेट डाळिंबाच्या दाण्यासारखा मुळीच दिसत नाही. त्यावर गंजाचा थर चढलेला असतो आणि तो चिंचोक्यासारखा तपकिरी व तुळतुळीत दिसतो. तो टॉर्चच्या उजेडासमोर धरला तर पातळ कडेतून आतला लाल रंग क्वचित डोकावतो. मोठे दाणे जवळजवळ काळेच दिसतात.

मोह्सच्या १ ते १० या मापावर त्याची कठिनता ६.५ ते ७.५ असते. म्हणजे तो काचेवर सहज ओरखडा काढतो, चाकूच्या पात्याने त्यावर ओरखडा उठत नाही आणि क्वार्ट्झशी त्याची साधारण बरोबरी होते. टाइलच्या पाठीवर घासल्यास रंगीत रेघ उमटत नाही, उलट टाइलच झिजते. तिथे विटकरी लाल रेघ उमटली तर तुमच्या हातात हेमॅटाइट हे लोहाचे खनिज आहे. ही ओरखड्याची तपासणी फक्त खडबडीत, न घडवलेल्या नमुन्यावर करा. अंगठीतल्या खड्यावर ती कधीही करू नये.

५. पाण्यात वजन करा

माझ्या मते या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, कारण रंग फसवतो, आकार झिजतो, परंतु घनता सहसा लपत नाही. माझ्या परिचितांनी तळहातावर जे जोखले ते हेच होते. क्वार्ट्झ, अकीक आणि जास्पर यांचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच पाण्याच्या किती पट वजन, सुमारे २.६ असते, तर गार्नेटचे साधारण ३.५ ते ४.३ यांच्या दरम्यान भरते. तेवढ्याच आकाराचा लाल गार्नेट अकीकाच्या जवळजवळ दीडपट जड लागतो.

रीत अशी आहे. प्रथम कोरड्या खड्याचे वजन करून लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. खड्याला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल, पण पेल्याच्या तळाला किंवा बाजूला टेकणार नाही, असा हातात धरून ठेवा. काट्यावर जो आकडा येईल तो खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, म्हणजेच त्याचे घनफळ असते. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. उदाहरणार्थ, कोरडे वजन १२.६० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा ३.०७ असेल, तर उत्तर सुमारे ४.१ येते आणि ते लोहयुक्त लाल गार्नेटला शोभणारे आहे.

चुका कुठे होतात तेही सांगतो. नळाचे पाणी तसेच वापरले तर खड्याला बारीक बुडबुडे चिकटतात आणि उत्तर कमी येते, म्हणून पाणी उकळून थंड करून घ्यावे आणि त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकावा. आपल्याकडच्या पाण्याच्या जडपणाने या हिशोबात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. खड्याला मूळ खडक चिकटलेला असेल तर उत्तर दोघांचे मिळून येते, त्यामुळे ते निरुपयोगी ठरते. पंखा बंद करायला विसरू नका. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हे सांगणे निर्दयपणाचे आहे, परंतु ०.०१ ग्रॅमचा काटा वाऱ्याने डोलतो. शेवटची मर्यादा अशी की २ ग्रॅमपेक्षा लहान खड्यावर या काट्याचा भरवसा धरू नये. अंगठीतला ५ कॅरेटचा खडा म्हणजे केवळ १ ग्रॅम, त्याने सारलेले पाणी सुमारे पाव ग्रॅम, आणि त्यात शेवटच्या आकड्याची एकाची चूक झाली तरी उत्तर चार टक्क्यांनी सरकते.

६. चुंबक आणि उजेड यांची मदत घ्या

थर्मोकोलचा चपटा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवा, त्यावर खडा ठेवा आणि चुंबक खड्याला न लावता अगदी जवळ न्या. लोह किंवा मँगनीज भरपूर असलेला गार्नेट तराफ्यासह चुंबकाकडे हळूहळू सरकतो. माणिक, काच, अकीक आणि टर्मलिनचे अनेक प्रकार सहसा जागचे हलत नाहीत. ओट्याच्या तुकड्यातील गार्नेट कुटून काढून मी हा प्रयोग प्रथम केला, तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून तो दाखवला होता. मात्र गोमेद हाही गार्नेटच असला तरी त्यात लोह कमी असल्याने तो अनेकदा फारसा प्रतिसाद देत नाही, म्हणून खडा सरकला नाही एवढ्यावरून तो गार्नेट नाही असे ठरवू नये.

दुसरी तपासणी पारदर्शक खड्यांसाठी आहे. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा करा, गॉगल डोळ्यांसमोर धरून पडदा काळा दिसेपर्यंत फिरवा आणि मग खडा पडदा व गॉगल यांच्यामध्ये धरून स्वतःभोवती फिरवा. माणिक आणि टर्मलिन एका फेरीत चार वेळा उजळतात व विझतात. गार्नेट बहुतांशी काळाच राहतो, कधी अंतर्गत ताणामुळे त्यात अंधुक पट्टे दिसतात. परंतु काचही काळीच राहते, म्हणून ही तपासणी माणिक वेगळे करण्यासाठी आहे, काच पकडण्यासाठी नाही. काच पकडायची तर भिंगातून गोल बुडबुडे शोधावेत. अतिनील टॉर्चखाली पुष्कळ माणके लालभडक चमकतात, लाल गार्नेट मात्र निर्विकार राहतो.

स्पिनेल या खनिजासमोर या सगळ्या घरगुती युक्त्या तोकड्या पडतात. तेही घनीय आहे, त्याचे विशिष्ट गुरुत्व ३.६ च्या आसपास म्हणजे पायरोप या लाल गार्नेटच्या तोडीचे आहे आणि त्याचा लाल रंगही फसवा आहे. अशा वेळी प्रयोगशाळेचा रस्ता धरावा.

७. गार्नेटचा प्रकार ठरवताना घाई करू नका

गार्नेट हे एक खनिज नसून एकाच साच्यात बसणाऱ्या सिलिकेटांचे कुटुंब आहे. साचा तोच राहतो, आतले धातू बदलतात. पायरोप मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचा, अल्मंडाइन लोह आणि ॲल्युमिनियमचा, स्पेसर्टाइन मँगनीज आणि ॲल्युमिनियमचा असतो. दुसऱ्या शाखेत कॅल्शियम समान असतो: ग्रॉसुलरमध्ये त्याच्यासोबत ॲल्युमिनियम, अँड्राडाइटमध्ये लोह आणि उव्हारोव्हाइटमध्ये क्रोमियम. शुद्ध पायरोपचे विशिष्ट गुरुत्व सुमारे ३.५८, ग्रॉसुलरचे ३.५९, अँड्राडाइटचे ३.८६, स्पेसर्टाइनचे ४.१९ आणि अल्मंडाइनचे ४.३२ असते. निसर्गात मात्र शुद्ध टोके जवळजवळ मिळतच नाहीत. आपल्या खड्याचे उत्तर ४.१ आले तर ‘मुख्यतः अल्मंडाइन’ एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरते.

रंगांची यादी पाठ करण्याचा मोह टाळा. उव्हारोव्हाइट पाचूसारखा हिरवा असतो, ग्रॉसुलर रंगहीन, हिरवा किंवा मधाच्या रंगाचा असतो, आणि अँड्राडाइट हिरव्यापासून कोळशासारख्या काळ्यापर्यंत आढळतो. नवरत्नांमधला गोमेद म्हणजे ग्रॉसुलरचाच मधाळ-नारिंगी प्रकार, हेसोनाइट. भिंगाखाली त्याचा अंतर्भाग काकवी पाण्यात ढवळल्यासारखा वळ्यावळ्यांचा दिसतो आणि ही त्याची सर्वांत भरवशाची घरगुती खूण आहे.

८. खडक पाहायला योग्य दिशेने निघा

गार्नेट जागेवर पाहायचा असेल तर बेसॉल्टच्या बाहेर पडावे लागते. चिखलापासून बनलेला खडक खोल गाडला जाऊन तापत गेला की त्यात ठरावीक क्रमाने नवी खनिजे येतात. जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगरांत हा क्रम मांडायला सुरुवात केली आणि त्यात गार्नेट ही एक पायरी आहे. म्हणून अभ्रकाने चमचमणारा, पापुद्र्यांचा शिस्ट किंवा पट्ट्यांचा नाइस दिसला की थांबावे.

सोलापूरकराला सोयीची वाट पूर्वेची आहे. कोणार्क एक्सप्रेस सोलापूरवरून विशाखापट्टणमकडे जाते आणि त्या शहराभोवतीच्या टेकड्या खोंडालाइट नावाच्या खडकाच्या आहेत. त्यात सिलिमनाइटसोबत गार्नेट खच्चून भरलेला असतो, आणि हवा-पाण्याने झिजलेल्या कातळावर दाणे फोडासारखे वर आलेले दिसतात. ज्या मंदिराचे नाव त्या गाडीला आहे, त्या तेराव्या शतकातील मंदिराचा बहुतांश भागही खोंडालाइटचाच आहे. तिथे अर्थात फक्त पाहावे.

महाराष्ट्रातच राहायचे असेल तर नागपूर-भंडाऱ्याकडे वळावे. तेथील मँगनीजच्या पट्ट्यात गोंडाइट नावाचा खडक आहे. स्पेसर्टाइन आणि क्वार्ट्झ यांच्या या खडकाला एल. एल. फर्मोर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी गोंड समाजावरून नाव दिले. कर्नाटकात हासन जिल्ह्यातील होळेनरसीपूरचा शिस्टपट्टा प्रसिद्ध आहे. तिथे गार्नेटच्या जोडीला स्टॉरोलाइट असतो, आणि त्याचे तपकिरी, कधी फुलीसारखे जुळलेले स्फटिक नवख्याला हमखास चकवतात. तेलंगणात खम्मम भागात आणि राजस्थानात टोंक जिल्ह्यात रत्नाच्या दर्जाचा अल्मंडाइन मिळत आला आहे.

समुद्रकिनाऱ्यावरील वाळूबद्दल स्वतंत्र इशारा देतो. विशाखापट्टणम, ओडिशा, तमिळनाडू आणि केरळच्या किनाऱ्यांवर लाटा जड खनिजे एकत्र आणतात, आणि त्या वाळूत गार्नेटची किरमिजी झाक दिसते. परंतु तिच्यात इल्मेनाइट, झिरकॉन आणि थोरियम असलेला किरणोत्सारी मोनाझाइटही मिसळलेला असतो, आणि या खनिजांच्या उत्खननावर केंद्र सरकारचे कडक निर्बंध आहेत. चुंबक कागदात गुंडाळून वाळूवर फिरवा, पाहा, फोटो घ्या. पिशवी भरून आणू नका.

निघण्यापूर्वी पुढील कागद बरोबर असावेत:

- भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावरून घेतलेला त्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा
- आधार कार्ड किंवा अन्य ओळखपत्र
- खाणीत जायचे असल्यास खाणचालकाची लेखी परवानगी, वनजमीन असल्यास वनविभागाची
- शेतातून नमुना घेतल्यास शेतमालकाची संमती, निदान तोंडी

नकाशा वाचता येत नसेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात भूशास्त्राचे संकुल आहे. तिथल्या प्राध्यापकांची वेळ आधी मागून घ्यावी आणि जाताना नमुने धुऊन, क्रमांक घालून न्यावेत.

९. खडा विकत घेत असाल तर

गोमेद अंगठीसाठी घ्यावा की नाही, हा प्रश्न ज्योतिष मानणाऱ्यांचा आहे आणि मी त्यात पडत नाही. घ्यायचाच असेल तर सुटा घ्या, कारण कोंदणात बसवलेल्या खड्याचे वजन पाण्यात करता येत नाही आणि बंद कोंदणामागे रंगीत पत्रा लपतो. पक्के बिल आणि रत्नपरीक्षण प्रयोगशाळेचा अहवाल मागा. अहवालावर खनिजाचे नाव, तो नैसर्गिक असल्याचा उल्लेख, वजन, अपवर्तनांक (खडा प्रकाश किती वाकवतो त्याचा आकडा) आणि खड्याचे छायाचित्र असायला हवे. हेसोनाइटचा अपवर्तनांक १.७४ च्या आसपास येतो, तर अल्मंडाइनचा बहुधा १.७७ किंवा त्याहून जास्त असतो. मी एका बाजारातून घेतलेल्या गोमेदात भिंगाखाली दोन गोल बुडबुडे निघाले. तो खडा मी फेकला नाही, अकीकाच्या बरणीशेजारी ठेवला आहे आणि नवीन कोणी शिकायला आले की पहिल्यांदा तोच त्यांच्या हातात देतो.

प्रत्येक नमुन्याच्या लेबलावर गाव, तारीख, कोणत्या खडकातून काढला आणि विशिष्ट गुरुत्व किती भरले, हे त्याच दिवशी लिहावे. नाव लिहिण्याची जागा सुरुवातीला पेन्सिलसाठी राखून ठेवावी.